शिशाला वळण लावणारे जावजी

पुणे-बंगळूर महामार्गाने साताऱ्याहून कराडकडे निघाले की वाटेत उंब्रज लागते. तारळी नदी येथे कृष्णेला मिळते. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक या गावात आहे आणि समर्थांचे चाफळही येथून जवळच आहे. दर्शनाला येणाऱ्या भाविकाला भीमरूपी मुखोद्गत असते, मनाचे श्लोकही पाठ असतात. परंतु दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास सहसा कोणाच्या ओठांवर नसतो. तो समास लेखनाविषयीचा आहे. बाळबोध अक्षर कसे काढावे, ओळी कशा धराव्यात, कडेला कोरी जागा किती सोडावी, याचे बारकावे समर्थांनी त्यात सांगितले आहेत. अक्षराला गोलाई असावी, एका अक्षराने दुसऱ्याला खेटू नये, ग्रंथ संपेपर्यंत सारे लेखन एकाच टाकाने केल्यासारखे वाटावे, ही त्यांची अपेक्षा. फार बारीक लिहू नये, कारण तरुणपणी वाचलेली पोथी म्हातारपणीही वाचता आली पाहिजे, हा व्यवहारी सल्लाही त्यांनी दिला आहे.

सतराव्या शतकातल्या या अपेक्षा हाताने लिहिणाऱ्यासाठी होत्या. छापखाना आला तेव्हा प्रश्न निराळा झाला. हाताला वळण असते. शिशाला कोठून असणार? कागदावर टाक वळतो, थांबतो, दाबला जातो, हलका होतो. शिशाचा खिळा मात्र जन्मभर एकच आकार घेऊन बसतो. अशा निर्जीव खिळ्यात बोरूची लय उतरवण्याचे काम एकोणिसाव्या शतकात मुंबईत ज्यांनी सिद्धीस नेले, त्यांत जावजी दादाजी चौधरी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक म्हणून ते प्रसिद्ध आहेत. संस्कृतच्या अभ्यासकाला तर निर्णयसागर प्रत एवढे दोन शब्द पुरेसे असतात. परंतु छापखान्याच्या मालकापूर्वीचे जावजी, म्हणजे खिळे घासणारे जावजी, फारसे कोणाला आठवत नाहीत आणि त्यांच्या यशाचे मर्म तर तेथेच आहे.

जावजींचा जन्म 1839 सालचा, मुंबईतल्या एका गरीब कुटुंबातला. त्या वेळी देवनागरी मुद्रणाला अजून बाळसे धरायचे होते. 1805 या एकाच वर्षी दोन निरनिराळ्या ठिकाणी दोन निरनिराळे प्रयोग झालेले दिसतात. कृष्णाकाठच्या मिरजेत गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता छापली गेली. ती सुटे खिळे जुळवून नव्हे, तर संपूर्ण पान धातूच्या पत्र्यावर कोरून. त्याच वर्षी दूर बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. मिरजेच्या पद्धतीत अक्षराला हवे तसे वळण देता येई, पण एक पान कोरले की त्याचा दुसऱ्या पानाला उपयोग नसे. श्रीरामपूरच्या पद्धतीत तेच खिळे पुन्हा पुन्हा वापरता येत, पण अक्षर ओबडधोबड दिसे. सौंदर्य आणि सोय यांची सांगड घालणे हे पुढच्या पिढीचे काम होते.

मुंबईत हे काम अमेरिकन मिशनच्या छापखान्यात सुरू झाले. प्रारंभी या छापखान्याला बंगालमधून आणलेल्या खिळ्यांवर निर्वाह करावा लागे. पुढे टॉमस ग्रॅहम या कसबी मुद्रकाने तेथेच नवे देवनागरी खिळे तयार करवून घेतले. या छापखान्याने मराठी मुद्रणाला अनेक माणसे दिली. गणपत कृष्णाजी तेथेच शिकले, त्यांनी स्वतःचा शिळाछाप काढला आणि 1831 साली मराठीतले पहिले छापील पंचांग बाजारात आणले. छापील ग्रंथ सोवळ्यात चालतो की नाही, हा तेव्हा वादाचा विषय होता. शाईत चरबी असते या समजुतीने धर्मग्रंथ छापलेल्या रूपात घरात घेण्यास लोक बिचकत. म्हणून गणपत कृष्णाजींनी शाईत तूप वापरले, असे सांगतात.

अशा या मिशनच्या छापखान्यात, वय वर्षे दहाच्या सुमारास, जावजी नोकरीला लागले. घरची परिस्थिती अशी की शाळेपेक्षा रोजगाराची निकड अधिक. पगार दरमहा दोन रुपये आणि काम खिळे घासण्याचे.

खिळे घासणे म्हणजे काय, हे समजावून घेतल्याशिवाय पुढची कथा उमगणार नाही. प्रत्येक अक्षरासाठी प्रथम पोलादाच्या दांडीच्या टोकावर ते अक्षर उलटे कोरतात. कानशीने आणि छिन्नीने धातू काढत काढत, मधूनमधून दिव्याच्या काजळीवर धरून कागदावर ठसा उमटवून पाहत, कारागीर अक्षराला आकार देतो. मनासारखे झाले की ते पोलाद तापवून कडक करतात आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकतात. तांब्यात अक्षराचा खोलगट ठसा उमटतो, हा साचा. साचा ओतकामाच्या चौकटीत बसवून त्यात शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस ओतला की खिळा तयार होतो. पण हा खिळा तसाच वापरता येत नाही. त्याचे शेपूट मोडावे लागते, कडेला राहिलेली कुसळे काढावी लागतात आणि बाजू दगडावर घासून सारख्या कराव्या लागतात.

रोमन लिपीत हे घासणे थोडे कमीजास्त झाले तरी निभावते, कारण तिची छापील अक्षरे एकमेकांपासून सुटी उभी असतात. देवनागरीत ते चालत नाही. आपल्या शब्दाच्या डोक्यावर शिरोरेघ असते आणि ती तुकड्यातुकड्यांनी बनते. प्रत्येक खिळा आपला एवढासा तुकडा घेऊन येतो. खिळा जरा जाड राहिला तर रेघेत फट पडते, जास्त घासला तर अक्षरे एकमेकांत घुसतात आणि उंचीत केसभर फरक पडला तर रेघ पायरीसारखी तुटते. त्यात मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार! काही चिन्हे शेजारच्या अक्षराच्या खांद्यावर टेकतील अशी बाहेर काढलेली, घासताना हात चुकला तर मोडणारी. जोडाक्षरे धरून जुळाऱ्यापुढच्या घरांची संख्या शेकड्यांत जाई. ज्या मुलाने ऐन बालपणी असे हजारो खिळे बोटांखालून घालवले, त्याला अक्षर नेमके कोठे बिघडते हे डोळ्यांआधी बोटांनी कळले असणार. जावजींचे विद्यापीठ ते हेच.

पुढे मिशनचा छापखाना सोडावा लागल्यावर त्यांनी टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यात काम केले. 1862 साली इंदुप्रकाश पत्र सुरू झाले. विष्णुशास्त्री पंडित यांच्या संपादनामुळे सुधारकांचे मुखपत्र बनलेल्या या पत्राच्या छापखान्यातही जावजी होते. त्यानंतर ओरिएंटल छापखाना. एका छापखान्यातून दुसऱ्यात जाताना खिळे ओतण्याचे सारे अंग त्यांनी आत्मसात केले आणि 1864 साली खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला.

हे साल ध्यानात घेण्यासारखे आहे. अमेरिकेतील यादवीमुळे तिकडचा कापूस थांबला होता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शहरात पैशाचा पूर लोटला होता, रोज नवी कंपनी निघत होती. यादवी 1865 मध्ये संपली आणि तो सारा डोलारा कोसळला. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. नेमक्या याच धामधुमीत पंचविशीतल्या या कामगाराने आपला व्यवसाय मांडला. शेअरबाजाराच्या लाटेवर नव्हे, तर हातातल्या कसबावर उभा असलेला त्याचा कारखाना टिकला, वाढला.

या कारखान्याचे दुसरे नाव राणूजी रावजी आरू. जावजींचे हे मित्र अक्षरे कोरण्यात निष्णात होते. पोलादावर कानस चालवणारा हात राणूजींचा. ओतकाम, घासकाम, व्यापार आणि अक्षर कसे हवे याचा अंतिम आग्रह जावजींचा. या दोघांच्या सहकार्यातून जे देवनागरी खिळे निघाले, त्यांनी मुंबई वळणाची कीर्ती देशभर नेली.

या जोडीचा विचार करताना साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या व्हेनिस शहराची आठवण होते. तेथे आल्डस मानुशियस या मुद्रकाने ग्रीक आणि लॅटिन अभिजात ग्रंथ छापण्याचा उद्योग आरंभला होता. त्याच्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने विद्वानांच्या धावत्या, किंचित उजवीकडे झुकलेल्या हस्ताक्षरावरून एक नवे अक्षर कोरले. 1501 साली त्या अक्षरात व्हर्जिलची काव्ये छापली गेली. पुस्तक हातात सहज मावेल एवढे लहान. इटलीत जन्मलेले म्हणून त्या अक्षराला पुढे इटॅलिक म्हणू लागले. आज इंग्रजी पुस्तकात ग्रंथनामासाठी वा भर देण्यासाठी जे तिरपे अक्षर वापरतात, ते हेच. मात्र आरंभी ते भर देण्यासाठी नव्हते; अख्खा ग्रंथच त्यात छापत. त्याची शोभा तिरपेपणात नाही, तर लिहित्या हाताची चाल त्यात टिकून राहिली आहे, यात आहे. रेघेच्या टोकाला येणारा लहानसा झोकही टाक टेकवताना आणि उचलताना उमटणाऱ्या खुणेचाच वंशज आहे.

जावजी आणि राणूजी यांनी देवनागरीत साधले ते याच जातीचे होते. बोरूचे टोक तिरके कापलेले असते. त्यामुळे हात एका दिशेने गेला की रेघ भरीव उमटते, दुसऱ्या दिशेने गेला की बारीक होत जाते. ही जाडबारीक रेघ म्हणजे बाळबोध अक्षराचा श्वास. निर्णयसागरच्या जुन्या पुस्तकातले क किंवा ळ हे अक्षर जवळून पाहावे. गाठ भरदार आहे, पण शाईने बुजलेली नाही. वळसा घेताना रेघ बारीक होते आणि पुन्हा हलकेच भरते. आतली पोकळी मोकळी आहे. दांडा सरळ आहे, पण काठीसारखा निर्जीव नाही. अक्षर उभेच आहे, तिरपे नाही. तरी त्यात लिहिणाऱ्या हाताची चाल जाणवते. इटॅलिकचा आत्मा देवनागरीत आणायचा तर तो असा, अक्षराला न वाकवता.

व्हेनिसच्या जोडीशी आणखी एक साम्य आहे, ते मनाला चुटपुट लावणारे आहे. आल्डसचे नाव जगाच्या मुद्रणेतिहासात कोरले गेले. ग्रिफो त्याच्याशी बेबनाव होऊन निघून गेला आणि बराच काळ विस्मृतीत राहिला. जावजी आणि राणूजींच्या बाबतीत नाव मालकाचे राहिले आणि कोरणाऱ्याचे मागे पडले, हे मात्र तसेच घडले. मराठी वाचक पिढ्यान्पिढ्या राणूजींनी कोरलेली अक्षरे वाचत आला. त्यांचे नाव किती जणांनी ऐकले असेल?

1869 साली जावजींनी निर्णयसागर छापखाना काढला. आता ते इतरांसाठी खिळे ओतणारे कारखानदार राहिले नाहीत. आपल्या अक्षरांनी काय छापावे हे ठरवणारे मुद्रक झाले. निर्णयसागर हे नाव प्रथम घरोघर पोहोचले ते पंचांगाच्या रूपाने. पंचांगाचे काम मुद्रकाची सत्त्वपरीक्षा असते. बारीक अक्षर, आकड्यांची दाटी, उभ्या-आडव्या रेघांची घरे आणि एक आकडा चुकला तर कोणाच्या तरी घरचा मुहूर्त चुकणार! अक्षरशुद्धी हा निर्णयसागरचा बाणा होता आणि त्यासाठी जावजींनी व्युत्पन्न शास्त्रीपंडितांना छापखान्यात पाचारण केले. स्वतःचे शालेय शिक्षण फार न झालेल्या या गृहस्थाने विद्वानांना पानातली चूक शोधण्याच्या कामाला बसवले, ही घटना आपल्या विद्याव्यवहाराच्या इतिहासात लहान नव्हे.

त्यातूनच काव्यमाला उभी राहिली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली 1886 पासून ही ग्रंथमाला निघू लागली. हस्तलिखितांच्या बासनात पडून असलेली काव्ये, नाटके आणि अलंकारशास्त्रावरचे ग्रंथ एकामागून एक प्रकाशात आले. रुद्रटाचा काव्यालंकार आला, जगन्नाथ पंडिताचा रसगंगाधर आला. 1891 साली आनंदवर्धनाचा ध्वन्यालोक अभिनवगुप्ताच्या टीकेसह आला. भारतीय काव्यविचाराचा पाया समजला जाणारा हा ग्रंथ तोवर मोजक्या पोथ्यांत बंदिस्त होता; आता तो टपालाने जर्मनीतल्या प्राध्यापकाकडेही जाऊ लागला आणि वाईच्या शास्त्र्याकडेही. छापील पुस्तक सोवळ्यात चालेल काय, हा प्रश्न आता मागे पडत चालला होता. पोथीपेक्षा देखणे आणि पोथीपेक्षा शुद्ध पुस्तक हाती आल्यावर वाद घालण्याजोगे फारसे उरले नाही.

मराठीचीही उपेक्षा झाली नाही. विनायक कोंडदेव ओक यांचे बालबोध हे मुलांचे मासिक 1881 साली निर्णयसागरमधून सुरू झाले. जुन्या मराठी कवींची कविता वामन दाजी ओक प्रभृतींच्या संपादनाखाली काव्यसंग्रह या मासिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. मुलांचे मासिक असो, मोरोपंतांची आर्या असो की ध्वनिसिद्धान्त असो, अक्षर त्याच निगुतीने ओतलेले. मुलासाठी म्हणून झिजलेले खिळे आणि पंडितासाठी म्हणून कोरे, असा भेद त्या पानांत दिसत नाही.

जावजी 1892 साली निवर्तले, तेव्हा त्यांचे वय अवघे त्रेपन्न होते. त्यांच्या पश्चात तुकाराम जावजी आणि पुढे पांडुरंग जावजी यांनी काळबादेवीजवळच्या कोलभाट गल्लीतून हा व्यवसाय चालवला. 1894 साली भरताचे नाट्यशास्त्र काव्यमालेत प्रसिद्ध झाले. ते पाहायला जावजी नव्हते. विसाव्या शतकात वासुदेवशास्त्री पणशीकर, नारायण राम आचार्य अशा संपादकांनी ती परंपरा पुढे नेली. हाताने खिळे जुळवण्याचे युग संपले आणि त्याबरोबर त्या अक्षराचे दिवसही सरले; परंतु अ, झ, ण, ल, श यांची जी मुंबई वळणाची रूपे आज आपण सहज वाचतो, त्यांच्या प्रसारात निर्णयसागरच्या खिळ्यांचा वाटा मोठा आहे.

या यशाची एक दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. मराठी माणूस त्या काळी दोन हातांनी लिहीत असे म्हणा ना! पोथी बाळबोधीत आणि हिशेब, पत्र, दप्तर मोडीत. हात न उचलता धावणारी मोडी हीच खरे म्हणजे आपली धावती लिपी, आपल्या घरचे इटॅलिक. युरोपात उभे आणि धावते अशी दोन्ही अक्षरे एकाच पानावर शेजारी नांदू लागली. आपल्याकडे तसे झाले नाही. मोडीचे खिळे पाडण्याचे प्रयत्न श्रीरामपुरात झाले होते, पण सतत जोडून जाणारी ती लिपी सुट्या खिळ्यांना सहजासहजी वश होणारी नव्हती. बाळबोधीला जावजी आणि राणूजी भेटले. मोडीला तसे कोणी भेटले नाही. बाळबोध जितकी देखणी, स्वस्त आणि सर्वत्र होत गेली, तितकी मोडी दप्तराच्या रुमालांत मागे राहिली. आज सातारा-सांगलीकडच्या जुन्या वाड्यांतले कागद वाचायला मोडीचा जाणकार शोधावा लागतो, याची कारणे अनेक आहेत. त्यांत छापखान्याच्या यशाचाही हात आहे.

आता अक्षरे संगणकाच्या पडद्यावर घडतात. र. कृ. जोशी यांच्यासारख्या सुलेखनकाराने मंगल हा देवनागरी टंक संगणकासाठी रेखला आणि खेड्यापाड्यांतल्या कचेऱ्यांपर्यंत तो पोहोचला. त्याच संगणकावर अक्षर तिरपे करण्याची एक कळ असते. इंग्रजीवर ती दाबली की बहुतेक वेळा वेगळे रेखलेले इटॅलिक अक्षर येते. देवनागरीवर दाबली की सहसा उभे अक्षरच एका बाजूला ढकलले जाते. दांडे कलतात, गाठी ताणल्या जातात, जाडबारीक रेघेचा तोल जातो. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत, लग्नपत्रिकांत, दुकानांच्या पाट्यांवर अशी ढकललेली अक्षरे आपण रोज पाहतो. हाताची चाल वेगळी रेखावी लागते, ती कळ दाबून मिळत नाही, हे ग्रिफोला ठाऊक होते आणि राणूजींनाही.

कोणाच्या घरी आजोबांच्या वेळचे निर्णयसागरचे पुस्तक असेल, तर ते एकदा उजेडात धरून पाहावे. भिंग घेऊन शिरोरेघेवरून नजर फिरवावी. दोन खिळे जेथे भेटतात तेथला सांधा शोधावा. तो सहजी सापडत नाही, कारण कोणीतरी ती कड दगडावर नेमकी घासलेली असते, न कमी, न जास्त. महिना दोन रुपयांवर जावजी तेच करायला शिकले होते. आणि चष्मा लागलेल्या डोळ्यांनाही ते पान आजही वाचता येते.